अमेरिकेतील कॉलेजच्या अर्जातला वंशाचा रकाना : काय भरावे?

अमेरिकेत पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना शाळा, गुण, छंद यांबरोबरच विद्यार्थ्याला त्याचा वंश विचारला जातो. आपल्याकडे अर्जात जातीचा रकाना आला की पाठोपाठ दाखला आणि जात पडताळणी येते. तिकडचा रकाना तसा नाही. विद्यार्थी स्वतःला ज्या गटातला मानतो तो गट स्वतःच निवडतो आणि उत्तर देण्याची सक्ती नसते.

प्रश्न कसा असतो?

१९९७ च्या संघराज्य सरकारी नियमांनुसार प्रश्नाचे दोन भाग होतात.

पहिला भाग : तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का? याला 'एथ्निसिटी' म्हणतात. हिस्पॅनिक व्यक्ती कोणत्याही वंशाची असू शकते, म्हणून हा प्रश्न वेगळा.

दुसरा भाग : वंश. यात पाच गट आहेत. अमेरिकन इंडियन किंवा अलास्का नेटिव्ह, आशियाई, कृष्णवर्णीय, हवाई व पॅसिफिक बेटांवरील मूळ रहिवासी आणि श्वेतवर्णीय. एकाहून अधिक गट निवडता येतात.

मार्च २०२४ मध्ये हे नियम बदलले. दोन्ही प्रश्न एकत्र करून 'मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका' हा नवा गट जोडण्यात आला. बदल टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने जुन्या रचनेचे अर्जही दिसू शकतात.

भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याने काय निवडावे?

'आशियाई'. 'कॉमन ॲप' या अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जात त्याखाली 'भारत' असा पर्यायही असतो. 'अमेरिकन इंडियन' म्हणजे अमेरिकेतील आदिवासी जमाती. 'इंडियन' शब्द पाहून तो पर्याय निवडू नये. आई मराठी आणि वडील श्वेतवर्णीय असतील, तर दोन्ही गटांवर खूण करता येते.

हे गट सरकारी सोयीचे आहेत आणि ते बदलत आले आहेत. १९७० च्या अमेरिकी जनगणनेत भारतीयांची गणना श्वेतवर्णीयांत झाली होती. १९८० मध्ये 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र पर्याय आला.

पुण्या-नागपूरहून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कॉलेजे सरकारला आकडेवारी कळवतात तेव्हा अशा विद्यार्थ्यांचा वंश न पाहता त्यांचा वेगळाच गट धरला जातो. ग्रीन कार्डधारक मात्र नागरिकांप्रमाणे वंशानुसार मोजले जातात.

उत्तराचा प्रवेशावर परिणाम होतो का?

१९७८ च्या बाकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा नाकारल्या, पण अनेक घटकांपैकी एक म्हणून वंश विचारात घ्यायला मुभा दिली. 'आशियाई' लिहिले तर स्पर्धा अवघड होते, ही भीती अनेक भारतीय घरांत होती. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यातही आशियाई अर्जदारांवर अन्याय होतो, असाच दावा होता. २९ जून २०२३ रोजी न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची वंशाधारित प्रवेशपद्धत बेकायदा ठरवली.

त्यानंतर कॉमन ॲपने वंशाचे उत्तर प्रवेश समितीपासून लपवण्याची सोय कॉलेजांना दिली. रकान्यातल्या खुणेला आता प्रवेशात वजन देता येत नाही. तरीही प्रश्न अर्जात राहतो, कारण ही माहिती आकडेवारीसाठी वापरली जाते.

निबंधात वंशाबद्दल लिहावे का?

लिहिता येते. वंशामुळे आयुष्यात काय घडले हे विद्यार्थ्याने लिहिल्यास त्याचा विचार करायला निकालाने मनाई केलेली नाही. मात्र ते त्याच्या जिद्दीशी किंवा क्षमतेशी जोडलेले हवे. 'मी भारतीय आहे' एवढ्याने काम होत नाही. आजीशी मराठीत आणि शाळेत इंग्रजीत बोलताना घरच्यांसाठी दुभाष्याचे काम करावे लागले, त्यातून काय शिकलो, असे लिहिले तर त्याचा उपयोग होऊ शकतो.

चुकीची माहिती दिली तर?

अर्जाच्या शेवटी माहिती खरी असल्याचे सही करून सांगावे लागते. खोटेपणा उघड झाल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. सांगायचे नसेल तर रकाना रिकामा ठेवावा, त्यात अडचण नाही. फायद्याच्या आशेने दुसरा वंश मात्र लिहू नये.