घरोटाची घरघर आणि ध्वनिमुद्रणाचा विवेक

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. मनुष्याचा आवाज हें साधन त्या मालिकेंत अगदीं अलीकडे दाखल झालें. आणि कागदाला जशी वाळवी, तशा आवाजाला गोंगाट, घुमारा व फाटणें या व्याधि जडलेल्या आहेत. पॉडकास्टच्या रूपानें आज गांवोगांव आवाजाचें दप्तर तयार होऊं लागलें असतां, या व्याधींवर पूर्वीं काय उपाय योजिले गेले आणि त्यांत काय गमावलें, याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जळगांवाजवळील असोदा या गांवीं १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. चिरंजीव सोपानदेव व मावसबंधू पितांबर चौधरी यांनीं त्यांचीं गाणीं उतरून ठेविलीं, म्हणूनच १९५१ मधील त्यांच्या निधनानंतर, १९५२ सालीं, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं महाराष्ट्राच्या हातीं पडलीं. लेखणीचे हे उपकार थोर आहेत. परंतु लेखणी शब्द टिपते, सूर टिपीत नाहीं. बोलीचा हेल, कडव्याच्या शेवटीं घेतलेला श्वास, हीं कागदावर उतरत नाहींत. खानदेशांत जात्यास घरोट म्हणतात, व घरोटावर बहिणाबाईंचें एक गाणेंच आहे. तें गाणें वाचतां येतें. त्या घरोटाची घरघर वाचतां येत नाहीं.

वास्तविक यंत्र तेव्हां होतें. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला, आणि १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायस्बर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरविलें. त्या काळीं मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर मोठ्यानें गावें लागे, तानपुऱ्यासारखा मृदु स्वर तबकडीवर फारसा उमटत नसे, आणि सुमारें तीन मिनिटांत गाणें आटोपावें लागे. म्हणजे यंत्राचा दोष गाण्यानें सोसला. १९२५ नंतर विजेच्या ध्वनिमुद्रणानें कुजबुजहि टिपतां येऊं लागली. पण तिच्याबरोबर खोलीचा घुमारा आणि तारांतील गुणगुणहि आली. प्रत्येक नवी शक्ति आपला नवा दोष घेऊन येते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

आज असोद्यास कोणी आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करूं म्हणेल तर त्यास हेच दोष भेटतील, आणि त्यांतील बहुतेकांचा परिहार यंत्रापेक्षां जागेंतच होतो. सिमेंटच्या भिंती व फरशी आवाज परत फेंकतात. म्हणून भिंतीशीं गोधड्या टांगाव्या, खालीं सतरंजी घालावी. मायक्रोफोनचें अंतर दुप्पट केलें तर थेट आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तसाच राहतो. यासाठीं तो तोंडापासून वीतभर असावा, आणि फ, भ यांचा वारा लागूं नये म्हणून किंचित् बाजूस असावा. पंखा बंद करावा. आपल्या विजेची आवृत्ति सेकंदास ५० आहे. तिची गुणगुण शिरत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर काम चालवावें. आवाजाची उच्चतम पातळी यंत्राच्या मर्यादेखालीं ६ ते १२ डेसिबल राखावी. मंद आवाज मागाहून वाढवितां येतो, फाटलेला सांधतां येत नाहीं. शेवटीं अर्धा मिनिट कोणी न बोलतां त्या जागेची शांतता टिपावी; संकलनांतील सांधे झांकण्यास ती कामीं येते.

इतकें झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: घरोटाच्या घरघरीचें काय करावें? आजचीं संगणकीय साधनें ती क्षणांत पुसूं शकतात. बोलण्यामागें जें सतत चालतें तो गोंगाट, अशी त्यांची समजूत करून दिलेली असते. पण ओवी दळणाच्या फेऱ्यावर चालते. खुंट्यास जोर लागतो तसा शब्द लांबतो, मूठभर दाणे घालतांना गति बदलते. घरघर काढून टाकली तर तो लांबलेला शब्द निष्कारण वाटूं लागतो. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या, आणि बर्नार्ड बेल यांनीं त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित केल्या. गिरणीनें घरोघरचें जातें थांबविलें असतां, अशा संग्रहाचें मोल शब्दांइतकेंच आवाजांतहि आहे.

कोणी म्हणेल, शब्दच कळला नाहीं तर घरघर ठेवून उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. पण त्याचें उत्तर पुसण्यांत नसून वेगळें टिपण्यांत आहे. दळतांना बाई मागेंपुढें झुलते, म्हणून एक लहान मायक्रोफोन पदर घासणार नाहीं अशा बेतानें तिच्या गळ्याजवळ लावावा. दुसरा जात्याजवळ ठेवावा, व दोहोंमधील अंतर पहिल्याच्या तोंडापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट असावें, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यांत फारसा शिरत नाहीं. मिश्रण करतांना जात्याचा आवाज शब्द स्पष्ट होईपर्यंत उतरवावा, शून्यावर आणूं नये. आणि मूळ ध्वनिमुद्रण हात न लावतां जपून ठेवावें. मोडी पत्राची बाळबोध नक्कल झाली म्हणून कोणी संशोधक मूळ पत्र फाडीत नाहीं.

पंख्याची गुणगुण आणि घरोटाची घरघर यंत्रास सारखीच. त्यांतील भेद मनुष्यानेंच केला पाहिजे. असोद्याच्या लेकीचे शब्द लेखणीनें राखिले. जात्यावर गाइलेल्या ज्या वृद्धा आज हयात आहेत, त्यांचे शब्द, सूर आणि घरोट हीं तिन्ही राखण्याचें साधन आतां आपल्या खिशांत आहे. दिरंगाई मात्र परवडणारी नाहीं.