डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय : वास्तू आणि संग्रह

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय होय. इलाख्यातील मालाचे नमुने मांडण्यासाठी ते सुरू झाले आणि पुढे शहराच्या इतिहासाचे संग्रहालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

1851 साली लंडनमध्ये आणि 1855 साली पॅरिसमध्ये मोठी औद्योगिक प्रदर्शने भरली. त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल आणि कारागिरीच्या वस्तू गोळा करण्यात आल्या. लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना अशाच वस्तूंचा एक संग्रह मुंबईत ठेवण्याचे ठरले आणि फोर्टातील टाउन बरॅक्समध्ये त्याची मांडणी झाली. 1857 च्या उठावात लष्कराने ती जागा ताब्यात घेतली. वस्तू घाईघाईने हलवाव्या लागल्या आणि बऱ्याच नष्ट झाल्या. उरलेल्या वस्तूंतून संग्रह पुन्हा उभा करण्याचे काम डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी हाती घेतले.

स्वतंत्र इमारतीसाठी पुढाकार घेणाऱ्यांत बर्डवुड यांच्याबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे प्रमुख होते. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले वैद्य होते, तसेच शिलालेख आणि नाणी यांचे अभ्यासकही होते. शहरातील धनिकांकडून वर्गणी जमली आणि 1862 साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा कापसाचा भाव चढला होता आणि मुंबईत पैसा खेळत होता. 1865 साली युद्ध संपताच बाजार कोसळला, वर्गणी आटली आणि काम रखडले. त्याच वर्षी शंकरशेट यांचे निधन झाले. अखेर सरकारी पैशाने इमारत पुरी झाली आणि 2 मे 1872 रोजी ती लोकांसाठी खुली झाली. तिला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे नाव देण्यात आले.

इमारतीचे बाह्यरूप इटलीतील पल्लाडिओच्या शैलीचे आहे. आत दुमजली उंचीचे एकच प्रशस्त दालन असून त्याभोवती सज्जा आहे. बिडाचे नक्षीदार खांब, सोनेरी मुलामा, रंगीत छत आणि इंग्लंडहून आणलेल्या मिंटन फरशा यांमुळे ही वास्तू स्वतःच पाहण्याजोगी झाली आहे. दालनातील प्रिन्स अल्बर्टचा पुतळा डेव्हिड ससून यांनी दिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स येथे क्युरेटर होते. त्यांच्या काळात मुंबईतील निरनिराळे समाज, त्यांचे पोशाख आणि व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या प्रतिकृती तयार झाल्या. शहराचे जुने नकाशे आणि चित्रेही संग्रहात आली. मुंबईतील सामान्य माणूस कसा राहत होता, याची इतकी ठसठशीत नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. आवारातील दगडी हत्ती रायगड जिल्ह्यातील घारापुरी बेटावरचा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. 1864 साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला. त्याचे तुकडे या बागेत आणले गेले आणि 1914 साली ते पुन्हा जोडण्यात आले. स्वातंत्र्यानंतर शहरातील चौकांतून हलवलेले ब्रिटिशकालीन पुतळेही या परिसरात ठेवले गेले.

1975 साली संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. ज्यांच्या परिश्रमांतून ते उभे राहिले, त्यांचा हा उचित सन्मान होता. तरीही पुढील काळात गळती, ओल आणि दुर्लक्ष यांमुळे वास्तूची अवकळा झाली. मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या सहकार्याने 2003 पासून जीर्णोद्धार सुरू झाला. 2005 साली या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा जतन पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. आता जुन्या संग्रहासोबत येथे समकालीन कलावंतांची प्रदर्शनेही भरतात.