वेशीतला न्याय आणि मजुराचे वस्त्र

प्राचीन इस्राएलात सामान्य माणसाचा न्याय होई तो बहुधा नगराच्या वेशीत. शेतकरी, व्यापारी, विधवा, परदेशी असे सारेच तेथून जात-येत. वडील मंडळी तेथेच बसत. उत्तरेकडील दान नगराच्या उत्खननात वेशीजवळची दगडी बैठक उघडी झाली आहे. अनुवादाच्या १६ व्या अध्यायात न्यायाधीश नेमण्याची आज्ञा आहे, तीही वेशीवेशीतून. न्याय चारचौघांदेखत व्हावा, ही योजना आम्हांला शहाणपणाची वाटते.

परंतु चारचौघांदेखत झाला म्हणजे तो निःपक्ष झाला, असे नाही. नाबोथाचे प्रकरण आठवावे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. ईजबेल राणीने राजाच्या नावे पत्रे धाडली. उपास जाहीर झाला, वडील जमले, नियमाप्रमाणे दोन साक्षीदारही उभे राहिले. न्यायसभेचा सारा सरंजाम यथासांग होता. फक्त साक्ष खोटी होती आणि निवाडा आधीच ठरलेला होता. पुढे इ. स. पूर्व ८ व्या शतकात आमोस संदेष्ट्याने वेशीतल्या लाचखाऊंवर कोरडे ओढले, ते काही उगाच नव्हे.

पक्षपाताला हिब्रू भाषेत 'चेहरा उचलणे' असा वाक्प्रचार आहे. आपण 'तोंड पाहून न्याय' म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा. मात्र श्रीमंताचे तोंड पाहू नका, एवढे सांगून नियमशास्त्र थांबत नाही. गरिबाच्या वादात तो गरीब म्हणून त्याची बाजू उचलून धरू नये, अशीही आज्ञा निर्गमाच्या २३ व्या अध्यायात आहे. ती काही अभ्यासकांना इतकी अनपेक्षित वाटली की, एक अक्षर बदलून 'गरीब' ऐवजी 'थोर' असे वाचावे, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली! आम्हांला ती पटत नाही. लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात गरीब आणि थोर, दोघेही एकाच वचनात शेजारी-शेजारी आहेत. शिवाय निर्गमाचा तोच अध्याय तीन वचने पुढे गरिबाचा न्याय विपरीत करू नये, असेही बजावतो. कणवेची जागा निराळी आहे. गहाण घेतलेले वस्त्र सूर्यास्तापूर्वी परत करावे, हा २२ व्या अध्यायातील नियम कणवेचाच. गरिबाचे रात्रीचे पांघरूण तेच असते.

या नियमाची आठवण करून देणारे एक लिहिलेले खापर १९६० साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर, याफो आणि अश्दोद यांच्या दरम्यानच्या एका लहान किल्ल्यात सापडले. ते इ. स. पूर्व ७ व्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. कापणी करणाऱ्या एका मजुराने अधिकाऱ्याकडे केलेला हा अर्ज. मजकूर बहुधा कुणा लेखनिकाने उतरून घेतला असावा. बोलण्यातली पुनरुक्ती त्यात तशीच राहिली आहे. ठरलेली कापणी संपवून धान्य साठविले, तरीही शोबायचा मुलगा होशायाहू याने माझे वस्त्र नेले, अशी त्याची तक्रार. उन्हात माझ्याबरोबर राबणारे सोबती साक्ष देतील, मी निर्दोष आहे, असे तो सांगतो. गहाणाच्या नियमाचा तो उच्चारही करीत नाही. शेवटच्या ओळी तुटक आहेत. वस्त्र परत देवविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य नसले, तरी त्याने दया करावी, असा त्यांचा अर्थ लावला जातो.

अर्जदाराचे नाव त्या खापरावर नाही. वस्त्र नेणाऱ्याचे आहे, बापाच्या नावासकट. निवाडा काय झाला, ते सांगणारे खापर मात्र सापडलेले नाही.