दाहनुकेचा उतार आणि नहपानाची चांदी

जमिनींतील धातु हुडकणारें मेटल डिटेक्टर नांवाचें यंत्र हल्लीं कोणासही विकत मिळतें. त्याच्या टोकाशीं तारेचें वेटोळें असतें. त्याच्या योगानें पुरलेल्या धातूंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो व यंत्र वाजूं लागतें. चांदी तर विजेची उत्तम वाहक! असें यंत्र घेऊन कोणी डहाणू-तलासरीकडे निघाला, तर त्यास आम्ही हंसणार नाहीं. ती भूमि जुनी आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें आपलीं दानें कोरून ठेविलीं आहेत. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर नावा ठेवून त्यानें लोकांस विनामूल्य उतार करून दिला. दाहनुका ती डहाणूची नदी. उतार फुकट केला, त्या अर्थीं पूर्वीं तेथें नावाड्यास कांहीं द्यावें लागत असावें, असें आम्ही समजतों. त्याच लेण्यांत पैशाचा हिशेबही आहे. एका सुवर्णास ३५ कार्षापण हा भाव. विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व्याजानें ठेविले. वर्षाचे २४० झाले, ते २० भिक्षूंस वस्त्रांसाठीं प्रत्येकीं १२. हिशेब चोख आहे!

नहपानाच्या चांदीचा मोठा सांठा १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें निघाला. नाणीं १३,००० हून अधिक. एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरें, दुसरीकडे बाण आणि वज्र. परंतु त्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला होता. कित्येकांवर तर जुन्या राजाचें नाक नव्या ठशाखालून डोकावतें. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं तपासून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कोणी कोणास जिंकलें, जित राजाचा पैसा जेत्यानें कसा चालू ठेविला, आणि दहांतील तीन नाणीं ठशावांचून कशीं राहिलीं, हे सारे प्रश्न त्या एका ढिगामुळें विचारतां आले.

यांतील दहा सुबक नाणीं निवडून कोणी विकलीं असतीं व बाकीचीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर हें प्रमाण कोठून कळतें? यंत्र धातु दाखवितें. मडकें, मातीचा थर, शेजारची विटेची ओळ त्यास दिसत नाहीं. वाजलें कीं खणावें, एवढेंच तें शिकवितें.

१८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानें दहा रुपयांवरील किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें भाग आहे. लपविणारास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. आज एकच नाणें ती मर्यादा ओलांडील. बेवारशी ठरलेल्या ठेव्यांत, निराळा करार नसल्यास, शोधणारास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश मिळतो. सरकारनें तो ठेवा घेतल्यास धातूची किंमत व वर तिचा पांचवा हिस्सा द्यावयाचा. नाण्याच्या ऐतिहासिक मोलास या आंकड्यांत जागाच नाहीं. लपविण्याचा मोह बहुधा येथूनच उपजतो, असें आमचें मत आहे.