इंजिनावरचा शिक्का आणि मेरिडनचे दार

जुनी इंग्रजी मोटारसायकल समोर आली म्हणजे आपण टाकीवरचे नाव वाचतो. जाणकार मात्र खाली बसतो आणि सिलिंडरच्या बुडाशी, क्रँककेसच्या डाव्या अंगास ठोकलेली अक्षरे वाचतो. टाकी बदलता येते, रंग कोणीही चढवतो. एका कार्बुरेटरच्या 'टीआर-६' गाडीला दोन कार्बुरेटर चढवून ती 'टी-१२०', म्हणजे बॉनव्हिल, म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे लोक आहेतच. शिक्का त्यांची लबाडी उघडी पाडतो.

शिक्क्याला हिशेबाची जोड द्यावी. एडवर्ड टर्नरने १९३७ साली ट्रायम्फची 'स्पीड ट्विन' आणली. तिचा बोअर ६३ मिलिमीटर, स्ट्रोक ८०. दोन सिलिंडर मिळून ४९८ सी.सी. १९५९ च्या बॉनव्हिलमध्ये हेच आकडे ७१ आणि ८२ झाले व इंजिन ६४९ सी.सी.चे ठरले. पुढे 'टी-१४०' मध्ये स्ट्रोक तोच राहिला, बोअर ७६ झाला. ते ७४४ सी.सी. फूटपट्टी आणि शाळेतले वर्तुळाचे गणित एवढ्यावर हे कोणालाही पडताळता येते.

१९६९ च्या हंगामापासून क्रमांकाआधी दोन अक्षरे येऊ लागली. पहिले महिन्याचे, दुसरे हंगामाच्या वर्षाचे: 'सी' म्हणजे १९६९, 'डी' १९७०, 'एच' १९७३, 'जे' १९७४. हौशी मंडळी यावरून गाडीची किंमत ठरवतात. मला त्यात कामगारांचा इतिहास दिसतो.

सप्टेंबर १९७३ मध्ये नॉर्टन-व्हिलियर्स-ट्रायम्फ कंपनीने मेरिडनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी दारे अडवली. तयार गाड्या आत, मालक बाहेर! हा वेढा दीड वर्षाच्या आसपास टिकला. मंत्री टोनी बेन यांच्या पाठिंब्याने सरकारने कर्ज व अनुदान मिळून सुमारे ५० लाख पौंड दिले आणि १९७५ साली कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. सर्वांना सारखा पगार, हा तेथील नियम होता.

पण येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या चळवळीतले लोक ती सहसा गाळतात. तीन सिलिंडरच्या 'ट्रायडंट'चे इंजिन मेरिडनचे नव्हतेच. ते बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ येथे, बी.एस.ए.च्या कारखान्यात होत असे. बी.एस.ए.च्या 'रॉकेट थ्री'चे सिलिंडर पुढे कललेले, ट्रायम्फच्या 'टी-१५०' चे सरळ उभे; नावे दोन, कामगार तेच. पुढची 'टी-१६०' नावाने ट्रायम्फ खरी, पण तिचे सिलिंडर कललेले आहेत. मेरिडनला पैसा गेला तर आपल्या पोटावर पाय येईल, अशी स्मॉल हीथच्या कामगारांना धास्ती होती व त्यांनी सहकारी संस्थेला विरोध केला. त्यांना फितूर म्हणणे मला पटत नाही. स्मॉल हीथही पुढे बंद पडलेच.

संस्थेच्या हातात नवे इंजिन काढण्याइतके भांडवल नव्हते. अमेरिकेच्या कायद्यासाठी १९७६ च्या गाडीत गिअर उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे नेला, तेवढ्यालाही कसरत करावी लागली. इंजिनाचा पाया मात्र टर्नरचाच राहिला. १९८३ साली मेरिडन बंद झाले, कारखाना पाडला गेला आणि त्या जागी घरे उठली. तेथल्या एका गल्लीला बॉनव्हिल हे नाव दिलेले आहे.