पेशवाई हुकलेल्या सावकाराचा वाडा

फ्लॉरेन्समधला मेदिची घराण्याचा वाडा एखाद्या रीलमध्ये पाहिला असेल तुम्ही. १४४४ मध्ये बांधायला घेतलेला. तळमजल्याला ओबडधोबड दगड, वरवर जावं तसा गुळगुळीत. मालक राजे नव्हते, बँकवाले होते. पुढे अख्खं शहरच त्यांच्या ताब्यात गेलं.

आमच्या बारामतीत अशीच गोष्ट घडता घडता राहिली. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. म्हणायला वाडा, पण तट-बुरूज किल्ल्याचे. लहानपणी मला वाटायचं, घराला बुरूज कशाला? अहो, नाईक सावकार! पैसा तिथं पहारा आलाच.

थोरले बाजीराव त्यांचे कर्जदार, आणि सोयरेही. बाजीरावांची बहीण भिऊबाई नाईकांच्या घरची सून. १७४० मध्ये बाजीराव गेले आणि नाईकांनी थेट पेशवेपदच मागितलं. रघूजी भोसले पाठीशी होते. पण शाहू महाराजांनी वस्त्रं दिली १९ वर्षांच्या नानासाहेबांना.

पैसा होता, सोयरीक होती, तरी पेशवाई हुकली. मग उरलं काय? पन्हाळ्याहून आलेल्या एका तरुणाला नाईकांनी आश्रय दिला. तो पुराण सांगायचा, आर्या रचायचा. तेच मोरोपंत. १७९४ मध्ये ते बारामतीतच वारले.

मेदिचींच्या वाड्यातही एक पोरगा राहिला होता, मायकेलँजेलो. सावकारांनी वाटलेलं बाकी कर्ज कधीच बुडालं. ही दोन खाती मात्र अजून व्याज देताहेत. कऱ्हेकाठी आलात, तर तो तट जरूर बघा.