जस्ताचं बोट

‘ते त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं! एखाद्याचा मुलगा छान गाऊ लागला तरी रक्तातच आहे, आणि एखाद्यानं लबाडी केली तरी रक्तातच आहे. बरं, ते एका माणसापुरतं थांबत नाही. एखादी जात, एखादी जमात, एखादा धर्म, सगळ्यांच्या रक्ताचा निवाडा पारावर बसून पाच मिनिटांत होऊन जातो. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, कधी कौतुकानं बोललेलं, कधी टोमण्यानं. म्हणून आज मला रक्तात खरोखर काय लिहिलेलं असतं आणि ते कोण वाचतं, याचा थोडा इतिहास सांगायचा आहे.

मी काही विज्ञानाचा माणूस नाही. पुसेगाव म्हटलं की लोकांना साताऱ्याकडचं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव आठवतं. माझं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. शिक्षण बी. ए. पर्यंत आणि नाद मराठीत कविता लिहिण्याचा. तेव्हा माझा व्यवहार अक्षरांशी. पण आजची गोष्टही अक्षरांचीच आहे.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला विदर्भ लागतो. विदर्भात, तसंच नंदुरबारच्या सातपुड्यात, सिकलसेल हा शब्द शिकल्या-न शिकल्या सगळ्यांना ठाऊक असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं फोडून निघावीत अशा कळा येतात. गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत तो आहे. विदर्भातल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही आहे. महाराष्ट्रातल्या काही जमातींत शंभरातल्या तीस-पस्तीस जणांपर्यंत हा दोष वाहून नेणारे लोक सापडले आहेत. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी या आजाराच्या अभ्यासात आणि रुग्णांच्या सेवेत आपलं आयुष्य घातलं; 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वैद्यकाच्या पुस्तकात हा आजार आला 1910 साली. शिकागोतल्या जेम्स हेरिक या डॉक्टरनं ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात या विळ्या पाहिल्या आणि त्याची नोंद छापली. भारतात पहिल्या नोंदी झाल्या 1952 साली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलचा अहवाल ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दिला.

दोष नेमका कुठे, हे त्याच सुमारास उलगडलं. 1949 साली लायनस पॉलिंग यांनी दाखवलं, की बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे 1956-57 मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्यावर अचूक बोट ठेवलं. हिमोग्लोबिनची बीटा नावाची साखळी 146 मण्यांची. तिच्यातला सहावा मणी बदललेला होता. हा मणी बदलतो तो डीएनएमधलं एकच अक्षर बदलल्यामुळे. उर्दू लिपी जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ‘खुदा’ आणि ‘जुदा’ हे दोन शब्द उर्दूत लिहून पाहा. फरक आहे तो एका नुक्त्याच्या जागेचा. टिंब वरचं खाली आलं, की देवाचा वियोग होतो.

म्हणजे ‘रक्तातच आहे’ म्हणणारे बरोबर ठरले का? इथवर तसंच वाटतं. पण पुढे ऐका.

1948 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट टिपली. सिकलसेलचा दोष घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्या फारशा दिसतच नाहीत. आजार अंग दाखवतो तो साधारण सहाव्या महिन्यापासून. अक्षर तर पहिल्या दिवसापासून चुकलेलं आहे, मग आधीचे महिने बाळाला कुणी सांभाळलं? त्याचं उत्तर असं, की पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यासाठी ते जास्त ताकदीचं लागतं. त्याचं जनुक निराळं, आणि त्यात ही चूक नाही. जन्मानंतर काही महिन्यांत हे बाळपणाचं जनुक मिटून जातं आणि मोठेपणाचं जनुक कामाला लागतं. चूक आहे ती या दुसऱ्यात.

विचार करा, किती विलक्षण गोष्ट आहे! दुखणाऱ्या माणसाच्या अंगातच त्याचं औषध आहे, आईच्या पोटातून बरोबर आणलेलं. ते पान फाटलेलं नाही, फक्त मिटून ठेवलेलं आहे. मग मिटतं कोण? हे कळायला साठ वर्षं लागली, आणि उत्तर एका बेडकाच्या वाटेनं आलं.

आपल्या बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनएचं सगळं पुस्तक असतं. डोळ्याच्या पेशीतही तेच, यकृताच्या पेशीतही तेच. तरी डोळा पाहतो आणि यकृत पचनाला हातभार लावतं, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळी पानं उघडी असतात. जनुक चालू-बंद होतात हे 1961 साली पॅरिसच्या फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी जंतूंवर प्रयोग करून मांडलं, आणि 1965 साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. पण माणसासारख्या प्राण्यात हे पान नेमकं कोण शोधतं?

इथे ॲरन क्लुग येतात. जन्म 1926 साली लिथुआनियात, बालपण दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला, काम इंग्लंडच्या केंब्रिजला. 1982 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळाल्यावरही हा माणूस थांबला नाही. आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांत एक प्रथिन भरपूर असतं, ते एक ठरावीक जनुक चालू करतं. क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना त्यात जस्त सापडलं. हो, तेच जस्त! आपल्या जस्ती बादलीवरचं, घरावरच्या पत्र्यावरचं, पिकं पिवळी पडली की आपण झिंक सल्फेट म्हणून रानात टाकतो त्यातलं. माणसाच्या वाढीला जस्त लागतं हे त्याआधीच, 1960 च्या दशकात, बिहारमधल्या बक्सरला जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण आणि इजिप्तमधल्या खुरटलेल्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं होतं. आता ते जस्त अंगात कुठे बसतं, याचं एक ठिकाण समोर आलं.

1985 साली क्लुग यांनी मांडलं ते असं. या प्रथिनाच्या लांब दोऱ्यात सुमारे तीस मण्यांचा एकच नमुना नऊ वेळा येतो. प्रत्येक नमुन्यात चार मणी मिळून जस्ताचा एक अणू धरतात, आणि त्यामुळे दोऱ्याची घट्ट घडी पडून बोटासारखा आकार तयार होतो. प्रयोगशाळेतल्या बोलण्यात त्याला ‘झिंक फिंगर’ म्हणू लागले. जस्ताचं बोट! 1991 साली अमेरिकेत निकोला पाव्हलेटिच आणि कार्ल पाबो यांनी तीन बोटांचं एक प्रथिन डीएनएला धरून बसलेलं असतानाच त्याचं चित्र मिळवलं. त्यात प्रत्येक बोट डीएनएच्या खाचेत शिरून साधारण तीन अक्षरं चाचपत होतं.

लहानपणी आम्ही अरबीचा कायदा काय किंवा मराठीची अंकलिपी काय, अक्षराखाली बोट धरूनच वाचायचो. पेशीही तसंच वाचते. बोट ओळीवर फिरतं, ओळखीचा शब्द लागला की थांबतं. वाचायचं काम बोटांचं. पुढचं काम प्रथिनाचा बाकीचा भाग करतो. तो मदतनीसांना बोलावून आणतो. काही मदतनीस पान उघडतात, काही मिटून कुलूप घालतात. अशी जस्ताच्या बोटांची सातशेहून अधिक प्रथिनं माणसात आहेत. जनुकांची चालू-बंदी पाहणाऱ्या आपल्या प्रथिनांत हेच घराणं सर्वांत मोठं.

आता बाळपणाच्या त्या मिटलेल्या पानाकडे परत येऊ. मोठेपणीही ज्यांच्या रक्तात बाळपणाचं हिमोग्लोबिन थोडं जास्त राहतं, अशा लोकांचे डीएनए 2007-08 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ताडून पाहिले. एक नाव पुन्हा पुन्हा वर आलं, बीसीएल-11-ए. हे जस्ताच्या बोटांचं प्रथिन. 2008 साली हार्वर्डच्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं दाखवलं, की बाळपणाचं जनुक मिटवणारं हेच. 2011 मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या रक्तपेशींतून ते काढून टाकल्यावर उंदीर बरे झाले. 2018 मध्ये ते कुठे बोट ठेवतं तेही कळलं: बाळपणाच्या जनुकाच्या उंबऱ्याशी असलेला सहा अक्षरांचा एक शब्द. काही घराण्यांत नेमका हाच शब्द पिढ्यान् पिढ्या बिघडलेला असतो. बोटाला शब्द सापडत नाही, कुलूप लागत नाही, आणि बाळपणाचं हिमोग्लोबिन जन्मभर राहतं. त्यांचं काही बिघडत नाही. म्हणजे इथली चूक वरदान ठरते!

सिकलसेलची एक मांडणी ‘अरब-भारतीय’ नावानं ओळखली जाते. सौदी अरेबियाच्या पूर्वेकडे आणि आपल्या देशात ती आढळते, आणि अशा रुग्णांत बाळपणाचं हिमोग्लोबिन पुष्कळदा जास्त असतं. त्यामुळे अनेकांचा आजार सौम्य राहतो. सगळ्यांचा नाही, विदर्भात तीव्र आजाराचे रुग्णही आहेत. एकच चुकीचं अक्षर घेऊन दोन माणसं जन्मतात. एक अंथरुणाला खिळतो, एक शेत नांगरतो. फरक पडतो तो इतर किती पानं उघडी राहिली त्यावर.

या ज्ञानातून उपचारही आला. जस्ताच्या बोटांना कात्री जोडून डीएनए हव्या त्या जागी कापता येतो, हे 1996 साली श्रीनिवासन चंद्रशेगरन यांच्या गटानं अमेरिकेत दाखवलं होतं. पुढे 2012 मध्ये क्रिस्पर ही सोपी कात्री आली. तिनं रुग्णाच्या मूळ रक्तपेशींत बीसीएल-11-ए ला चालू करणारी खूणच कापतात, आणि त्या पेशी परत देतात. गंमत अशी, की त्या खुणेवर बोट ठेवणारं प्रथिनही जस्ताच्या बोटांचंच! चुकलेलं अक्षर तसंच राहतं. फक्त मिटलेलं पान उघडतं. ब्रिटननं नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेनं डिसेंबर 2023 मध्ये याला मान्यता दिली. चाचणीत पुरेसा काळ लक्ष ठेवलेल्या 30 रुग्णांपैकी 29 जणांना सलग वर्षभर तीव्र कळा आल्या नाहीत.

आणि किंमत? अमेरिकेत बावीस लाख डॉलर, तेव्हाच्या भावानं अठरा कोटींच्या आसपास. शिवाय आधी कडक औषधं देऊन जुना अस्थिमज्जा रिकामा करायचा आणि कित्येक आठवडे रुग्णालयात काढायचे. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या बापानं हा आकडा ऐकून काय करावं? 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सीएसआयआरनं ‘बिरसा-101’ हा देशी बनावटीचा उपचार जाहीर केला, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला सोबत घेऊन. बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे. तो बिरसांच्या माणसांना परवडेल अशा भावात मिळाला, तरच त्या नावाचा मान राहील.

तोवर जे हाताशी आहे ते थोडं नाही. हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घेतली, तर तीही बाळपणाचं हिमोग्लोबिन वाढवते. अमेरिकेत तिला सिकलसेलसाठी 1998 सालीच मान्यता मिळाली. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प करून. तपासणी रक्ताच्या थेंबाची. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. म्हणून पत्रिका जुळवण्याआधी ही तपासणी करावी. आणि एक लक्षात ठेवावं: वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोष आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय मूल सिकलसेलचं रुग्ण होत नाही. तरीही आपल्याकडे सुनेलाच बोल लावून माहेरी धाडतात. हा अडाणीपणा कोणत्याही जनुकात लिहिलेला नाही.

तेव्हा पारावर कुणी पुन्हा ‘त्यांच्या रक्तातच आहे’ म्हणालं, तर त्याला एवढंच सांगा. रक्तात पुष्कळ लिहिलेलं असतं, प्रत्येकाच्या. त्यातलं काय उघडायचं आणि काय मिटायचं, हे जस्ताची इवलीशी बोटं ठरवत असतात, आणि आता तर माणसालाही त्यात हात घालता येऊ लागला आहे. नुसतं लिहिलेलं पाहून माणसाचा निवाडा करू नये.